सर्पगंधाचं मूळ आणि बीपीची गोळी



गटाची बैठक झाली, हप्ते गोळा झाले, वह्या भरल्या, की बोलणं हमखास तब्येतीवर येतं. कुणाची साखर, कुणाचे गुडघे, आणि बीपी तर घरोघरी. आम्ही सहयोगिनी म्हणून गावोगाव फिरतो, तेव्हा दोन प्रश्न सगळीकडे ऐकायला मिळतात. पहिला, "मला काही होतच नाही, तर रोज गोळी कशापायी खायची?" आणि दुसरा, "या इंग्रजी गोळ्या गरम पडतात, आपल्या झाडपाल्यात काही नाही का?"

हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत बरं का. मोठमोठे डॉक्टर याच दोन प्रश्नांवर वर्षानुवर्षं भांडत होते. त्यांना उत्तरं कशी सापडली त्याची गोष्ट आज सांगायची आहे. या गोष्टीत एक घोडी आहे, सायकलची ट्यूब आहे, अमेरिकेचा अध्यक्ष आहे, आपले गांधीजी आहेत, परळचं केईएम हॉस्पिटल आहे आणि एक कडू मूळ आहे.

बीपी म्हणजे रक्ताचा दाब. मोटार चालू केली की पाइपात पाण्याचा जोर येतो, तसा हृदय आकुंचन पावलं की नसांत रक्ताचा जोर येतो. हा जोर पहिल्यांदा मोजला तो इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मगुरूने. त्याने एका घोडीला आडवं बांधलं, तिच्या नसेत पितळी नळी घातली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फुटांच्याही वर चढलं. १७३३ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केलं. घोडीचे हाल झाले, आणि माणसाच्या नसेत अशी नळी घालून रोज कोण मोजणार? त्यामुळे पुढची दीडशे वर्षं हे ज्ञान बहुतेक पुस्तकातच राहिलं.

१८९६ साली इटलीतल्या रिव्हा-रोच्ची या डॉक्टरने युक्ती काढली. सायकलच्या चाकातली रबरी ट्यूब घेतली, ती दंडाभोवती गुंडाळली, हवा भरून नाडी बंद होईपर्यंत आवळली आणि किती जोर लागला ते पाऱ्याच्या नळीवर वाचलं. बीपीचे आकडे आजही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात ते यामुळेच. पण त्याला वरचा आकडाच नीट मिळत होता. १९०५ साली रशियातल्या कोरोत्कोव्ह या लष्करी डॉक्टरने पट्ट्याच्या खाली नसेवर कानातली नळी टेकवली आणि ऐकलं. हवा सोडत गेलं की आधी ठोके ऐकू येतात, मग बंद होतात. ठोके सुरू झाले तो वरचा आकडा, थांबले तो खालचा. वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. आशाताईंच्या हातातलं बॅटरीचं यंत्र ठोके न ऐकता आतल्या आत हिशेब करतं, पण दंडाला पट्टा बांधायची रीत तीच आहे.

आता मोजता तर आलं. पण वाढलेला दाब वाईट की चांगला, हेच ठरत नव्हतं. त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांचं म्हणणं असं, की वय झालं की नसा कडक होतात, आणि कडक नसांतून रक्त पुढे ढकलायला जास्त जोर लागणारच. म्हणजे वाढलेला दाब ही शरीराची गरज आहे. इंग्रजीत या आजाराला आजही जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी 'आवश्यक' असा होतो. १९३१ साली लिव्हरपूलचे जॉन हे नावाचे नामांकित डॉक्टर तर म्हणाले, की दाब वाढलेल्या माणसाला खरा धोका आहे तो दाब सापडण्याचा, कारण सापडला की कोणीतरी मूर्ख तो उतरवायला जाईल. आपल्याकडच्या आजीबाई म्हणतात ना, "वय झालं की बीपी असायचंच", तेच हे, फक्त सुटाबुटातलं.

या समजुतीची किंमत कशी मोजावी लागली ते अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे पाहिलं की कळतं. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांना एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा बीपी १८६ आणि १०८ भरलं. घरचे डॉक्टर मात्र लोकांना सांगत होते की साहेबांची तब्येत वयाच्या मानाने ठीक आहे. तरुण डॉक्टरकडे उपाय तरी काय होते? मीठ कमी करा, विश्रांती घ्या, सिगारेट कमी ओढा, आणि हृदयाला बळ देणारं एक जुनं औषध. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला बीपीची गोळी मिळाली नाही, कारण गोळीच नव्हती. १२ एप्रिल १९४५ ला "डोकं फार दुखतंय" म्हणत ते कोसळले. तेव्हा मोजलेला वरचा आकडा ३०० च्या वर होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय ६३.

दुसरं उदाहरण आपल्या वर्ध्याचं. गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहत होते. त्यांच्या तब्येतीच्या नोंदी दिल्लीच्या गांधी संग्रहालयात जपलेल्या आहेत आणि २०१९ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मासिकात त्या छापून आल्या. २६ ऑक्टोबर १९३७ ला बीपी १९४ आणि १३०. १९ फेब्रुवारी १९४० ला २२० आणि ११०. आणि वजन? सत्तेचाळीस किलोसुद्धा नाही. शाकाहारी, दारू नाही, तंबाखू नाही, रोज मैलोन् मैल चालणं. म्हणून कोणी म्हणालं की "बीपी जाड्या माणसांना होतो, आम्ही तर काटक्या", तर आम्ही गांधीजींचे हे आकडे सांगतो. बैठकीत एकदम शांतता होते.

त्या काळात उपाय म्हणून काय काय करत होते ते ऐकलं की आजच्या इवल्याशा गोळीची किंमत कळते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर होते. जर्मनीतून हिटलरच्या भीतीने निघून आलेले. त्यांनी रोग्यांना नुसता भात, फळं आणि साखर यांवर ठेवलं. मीठ नाही, तेल नाही, डाळ नाही, भाजी नाही. महिनोन् महिने तेच. काहींचं बीपी खरंच उतरलं, डोळ्यांच्या आतली सूजही गेली. पण असं जेवण किती दिवस जाईल? आपल्याला एका उपासाला भगर खाऊन कंटाळा येतो. दुसरा उपाय शस्त्रक्रियेचा. पाठ उघडून मणक्याजवळच्या शिरा, म्हणजे मेंदूकडून निरोप नेणारे तंतू, कापून टाकायचे. दाब उतरायचा, पण उभं राहिलं की माणूस चक्कर येऊन पडायचा.

आता मुळाकडे येऊ.

सर्पगंधा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. सावलीत, ओलसर रानात वाढणारं गुडघ्याएवढं झुडूप. एका पेरावर तीन-तीन, चार-चार पानं, पांढरी-गुलाबी फुलं, लाल देठ, आणि पिकल्यावर काळी होणारी बारीक फळं. मूळ चघळलं तर तोंड कडूजहर. आपल्या देशात हे मूळ पिढ्यान् पिढ्या सापाच्या विषावर, तापावर देत आले. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच एक पुस्तक छापलं. त्यात सापाच्या विषावरच्या मुळांबद्दल लिहिलेलं आहे, आणि त्यातलं एक सर्पगंधाचं असावं असं अभ्यासक मानतात. बिहारकडे या मुळाला सरळ 'पागल की दवा' म्हणत. डोकं फिरलेल्या माणसाला ते दिलं की तो शांत होऊन झोपतो, हे तिथल्या लोकांना माहीत होतं.

गंमत बघा, या आपल्या झाडाचं शास्त्रीय नाव मात्र राउवोल्फिया. राउवोल्फ नावाच्या एका जर्मन डॉक्टरच्या आठवणीसाठी ते ठेवलं गेलं. हा माणूस सोळाव्या शतकात सीरिया, इराकपर्यंत फिरला, पण भारतात कधी आलाच नाही! झाड आपलं, वापर आपला, आणि नाव लावलं भलत्याच घराण्याचं. लग्न झालेल्या बाईसारखंच म्हणायचं.

१९३१ साली दोन गोष्टी घडल्या. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय मासिकात लिहिलं, की या मुळाची पूड वेडावर आणि वाढलेल्या बीपीवरही लागू पडते. वेड्या माणसांना शांत करायला पूड देत होते आणि बीपी उतरतंय असं दिसत होतं. त्याच साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळातून औषधी द्रव्यं वेगळी काढली. एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' नाव दिलं. कलकत्त्यात रामनाथ चोप्रा यांनीही या मुळावर प्रयोग केले. पण हे सगळं हिंदुस्थानातल्या मासिकांत छापलं जात होतं, आणि ती मासिकं लंडन-न्यूयॉर्कला कोण वाचणार?

ही कोंडी मुंबईत फुटली. डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म १९११ चा, पारशी, लंडनला शिकून आलेले, केईएम हॉस्पिटलमध्ये हृदयाचे रोगी तपासणारे. केईएम म्हणजे गिरणगावाच्या मधोमध, परळला. तिथे साहेबलोक येत नसत, गिरणी कामगार आणि त्यांच्या बायका-आया येत. वकिलांनी सर्पगंधाच्या मुळाच्या गोळ्या बीपीच्या रोग्यांना दिल्या, पण वैद्यकीपेक्षा वेगळ्या शिस्तीने. आधी काही दिवस औषध न देता बीपी मोजायचं. मग ठरलेल्या मात्रेत औषध. मग आठवड्यांनी परत मोजायचं, आणि औषध थांबवल्यावर पुन्हा मोजायचं. पन्नास रोग्यांच्या अशा नोंदी करून १९४९ साली त्यांनी तो लेख इंग्लंडच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आणला. बहुतेकांचं बीपी उतरलं होतं, हळूहळू उतरलं होतं, आणि औषध थांबवल्यावर काही दिवसांनी परत चढायला लागलं होतं.

हे शेवटचं वाक्य आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. ताप गोळीने उतरतो आणि जातो. बीपी गोळीने दबून राहतं. गोळी थांबली की ते परत मूळ जागी येतं, आणि ते आल्याचं बाईला कळतही नाही, कारण बीपी दुखत नाही.

वकिलांचा लेख बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला आणि भारतातून औषध मागवून आपल्या रोग्यांना दिलं. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळातलं नेमकं काम करणारं द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. थोड्याच वर्षांत ही गोळी जगभर गेली. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, जो वैद्यकातला फार मोठा मान समजतात, आणि १९५८ साली आपल्या सरकारने पद्मभूषण दिला.

इथे कोणीतरी म्हणेल, "बघा, आम्ही म्हणत होतो, झाडपाल्यातच औषध आहे." खरं आहे, होतं. पण पुढचं ऐका. गोळी लाखो लोक खाऊ लागले तेव्हा तिचं दुसरं रूप दिसलं. नाक चोंदायचं, पोटात जखमा व्हायच्या आणि काही माणसं आतून खचून जायची. इतकी उदास, की जगण्यात रस राहत नसे. मात्रा जास्त असली की हे जास्त व्हायचं. मुळात द्रव्य किती आहे ते झाड कुठल्या मातीत वाढलं, मूळ किती जुनं, यावर बदलतं. एका मुळात जे प्रमाण तेच दुसऱ्यात नाही. म्हणून बाजारात कोणी पुडी बांधून देत असेल, "हे घ्या, इंग्रजी गोळी सोडा" म्हणत असेल, तर तिच्यात किती आहे ते देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. आम्हाला वैद्यांविषयी आदर आहे, त्यांच्या हातूनच ही गोष्ट सुरू झाली. पण मोजमाप नसलेल्या पुडीवर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही. शिवाय रानातली सर्पगंधा मुळासकट उपटून उपटून इतकी कमी झाली, की तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानुसार बंधन आहे. मूळ काढलं की झाड गेलंच.

आता पहिला प्रश्न उरला. काही होत नाही तर गोळी कशाला?

१९६० च्या दशकातही डॉक्टरांत याचं उत्तर पक्कं नव्हतं. गोळ्या आल्या होत्या, आकडा उतरत होता. पण आकडा उतरल्याने माणूस वाचतो का? अमेरिकेतल्या एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या दवाखान्यांत हे तपासायचं ठरवलं. त्यांनी एक फार शहाणी गोष्ट केली. अभ्यासात घेण्याआधी प्रत्येकाला खोट्या गोळ्या दिल्या. त्यांत लघवीत ओळखू येणारं एक जीवनसत्त्व घातलेलं होतं. ज्यांच्या लघवीत ती खूण दिसली नाही, म्हणजे जे गोळी घेतो म्हणत होते पण घेत नव्हते, त्यांना घेतलंच नाही. म्हणजे गोळी उशीखाली ठेवणारे, "घेतली की" म्हणणारे तिकडेही होते. आपल्याच गावाची ही खोड नाही.

मग १४३ पुरुष निवडले. खालचा आकडा ११५ ते १२९. पैकी ७३ जणांना खऱ्या गोळ्या, ७० जणांना खोट्या. कोणाला कुठल्या, ते त्यांना ठाऊक नाही. खऱ्या गोळ्यांत तीन औषधं होती, आणि त्यांतलं एक आपल्या मुळातलं रेसर्पिन. १९६७ साली निकाल छापला. खोटी गोळी घेणाऱ्या ७० पैकी २७ जणांना अर्धांगवायू, हृदय निकामी होणं, नस फुटणं असं काही ना काही गंभीर झालं, चौघे गेले. खऱ्या गोळ्यांवरच्या ७३ पैकी दोघांनाच असा त्रास झाला आणि मरण कोणालाच आलं नाही. तीन वर्षांनी कमी वाढलेल्या बीपीच्या ३८० पुरुषांवरचा निकाल आला, तोही तसाच.

अभ्यास सुरू होताना त्या ७० जणांतही पुष्कळ असे होते ज्यांना "काही होत नव्हतं".

आमच्या एका गटातल्या काकूंची गोष्ट सांगावीशी वाटते. नाव-गाव सांगत नाही. पन्नाशीच्या आतल्या, शिवणयंत्रासाठी गटाचं कर्ज घेतलेल्या, हप्ता कधी चुकवला नाही अशा. उपकेंद्रात बीपी निघालं, गोळी सुरू झाली, दोन महिन्यांत आकडा बरोबर आला. मग त्यांनी गोळी बंद केली, "बीपी गेलं" म्हणून. नवरात्रात उभ्या उभ्या उजवा हात खाली पडला, बोलणं तोतरं झालं. आता चालतात, पण उजव्या हाताने सुई धरता येत नाही. यंत्रावर सून बसते. हप्ता अजूनही वेळेवर येतो, आणतो नातू. गटाने व्याज माफ करायचा ठराव केला तेव्हा काकूंनीच डाव्या हाताने खूण करून नको म्हटलं.

परत इतिहासाकडे. तुमच्या लक्षात आलं असेल, फ्राइस यांच्या अभ्यासात एकही बाई नव्हती. माजी सैनिकच घेतले, तर बाई कुठून येणार? आणि वर डॉक्टरांत एक समज होता, की बायकांना वाढलेलं बीपी सोसतं. सोसणं हे काम बायकांचंच, हे सगळ्या जगाला ठाऊक दिसतं! हा समज मोडला तो बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावाने. रूझवेल्ट गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकन सरकारने त्या गावातल्या ५,२०९ माणसांची नियमित तपासणी सुरू केली. त्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्यावर दिसलं, की वाढलेलं बीपी बाईलाही सोडत नाही. अर्धांगवायू, हृदयविकार, सगळं तिलाही होतं. आणि "वय झालं की असायचंच" हा समज १९९१ साली मोडला. साठीच्या पुढच्या ४,७३६ जणांचा तो अभ्यास, बहुसंख्य बायकाच. ज्यांचा फक्त वरचा आकडा वाढलेला होता अशांना एक जुनी, स्वस्त लघवीची गोळी मुख्य औषध म्हणून दिली, आणि अर्धांगवायूचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरलं. तेव्हा सासूबाईंच्या गोळीलाही सुट्टी नाही.

पुढच्या गोळ्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९५७-५८ च्या सुमारास लघवीवाटे मीठ आणि पाणी काढणारी गोळी आली. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी हृदयाची धडधड आवरणारी गोळी काढली, त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं. मग ब्राझीलचा साप. तिकडे हरारका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचं बीपी धाडकन खाली येतं. सेर्जिओ फेरेरा या तिथल्या शास्त्रज्ञाने १९६५ साली त्याच्या विषात काय आहे ते शोधलं, आणि त्या धाग्यावरून अमेरिकेत कॅप्टोप्रिल ही गोळी बनली. १९८१ साली ती बाजारात आली. एनालाप्रिल तिचीच बहीण. आपल्या सापाच्या विषावरच्या मुळातून एक गोळी निघाली, त्यांच्या सापाच्या विषातून दुसरी.

आज उपकेंद्रात मिळते ती बहुधा ॲम्लोडिपिन. नसा सैल करणारी. ती १९९० च्या आसपास आली. तिच्यासोबत किंवा तिच्यानंतर टेल्मिसार्टन देतात. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते, एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो. असं झालं तर गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. सांगायचं, म्हणजे बदलून मिळते. एवढ्या जातीच्या गोळ्या आहेत त्या त्याचसाठी.

आणि ही गोळी स्वस्त कशी? याच्यामागे एक कायदा आहे. १९७० साली आपल्या संसदेने पेटंटचा नवा कायदा केला, तो १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधावर मक्तेदारी देणं बंद केलं. बनवण्याच्या रीतीवरच ती मिळायची. त्यामुळे परदेशात महाग असलेली गोळी आपल्या कारखानदारांनी दुसऱ्या रीतीने बनवली आणि काही पैशांत विकली. २००५ साली हा नियम बदलला, पण तोवर बीपीच्या या गोळ्या आपल्याकडे कितीतरी कारखाने बनवू लागले होते. सरकारी केंद्रात ती फुकट आहे. बाहेरून घ्यायची वेळ आली तर जनऔषधी दुकानात विचारा. नाव वेगळं असतं, आतलं औषध तेच.

२०१७ साली भारतात बीपी आटोक्यात ठेवण्याचा एक मोठा कार्यक्रम सुरू झाला, सुरुवातीला २५ जिल्ह्यांत. महाराष्ट्रातले चार: सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. हो, गांधीजींचा वर्धा. कल्पना अगदी साधी. सगळीकडे ठरलेल्याच दोन-तीन गोळ्या, महिन्याभराचा साठा एकदम हातात, घराजवळच्या केंद्रात, आणि प्रत्येकाचं एक कार्ड, ज्याला 'बीपी पासपोर्ट' म्हणतात. कोण आलं नाही ते नोंदीवरून कळतं आणि सिस्टर फोन करतात. ज्या बाईला गोळीसाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं ती गोळी सोडणारच. हे ज्याच्या लक्षात आलं त्याला आम्ही शंभर गुण देऊ. २०२३ साली छापलेल्या देशभरच्या पाहणीत वाढलेल्या बीपीचं प्रमाण मोठ्या माणसांत शंभरात पस्तीसच्या वर निघालं. वीस जणींच्या गटात हिशेब करून बघा.

मीठाचं सांगितलं नाही तर आमचीच मंडळी हसतील, कारण आमचे निम्मे गट लोणची-पापडांवर चालतात. विका, जरूर विका. पण ज्यांचं बीपी वाढलेलं आहे त्यांनी घरात जेवताना पापड, लोणचं, खारवलेली मिरची आणि वरून घेतलेलं मीठ आवरायला हवं. तसंच गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. त्यांनी बीपी चढतं, म्हणून त्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. मिश्री लावत असाल तर तेही सांगा, लाजू नका. आणि उपासाच्या दिवशी गोळी घेतली म्हणून कुठला देव रागावत नाही. पाण्याबरोबर घ्या.

दिवस राहिलेल्या किंवा राहू इच्छिणाऱ्या लेकी-सुनांसाठी एक वेगळी गोष्ट. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या पोटातल्या बाळाला अपाय करतात. गरोदरपणात मिथिलडोपा ही १९६० च्या दशकातली जुनी गोळी किंवा लॅबेटालॉल अशा वेगळ्या गोळ्या देतात. म्हणून पाळी चुकली की गोळी बंद करून घरी बसायचं नाही, त्याच आठवड्यात सिस्टरकडे जाऊन गोळी बदलून घ्यायची. बाळंतपणानंतरही काही दिवस बीपी मोजून घ्यायचं, तेव्हाही ते चढू शकतं.

या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीला उपकेंद्राच्या मॅडम यंत्र घेऊन येणार आहेत. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांनी यायचं. येण्याआधी अर्धा तास चहा नको, मिश्री नको. आल्यावर पाच मिनिटं भिंतीला टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसायचं, हे आपल्याला जरा अवघड आहे! ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी कार्ड आणि उरलेली पाकिटं बरोबर आणा. आणि बाही सैल असलेला ब्लाउज घालून या, पट्टा दंडावर नीट बसायला हवा.